जमिनीचा भाव आणि सहीची किंमत

(हिंगोली येथे पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



हिंगोली शहरातून कोणत्याही दिशेने बाहेर पडले तरी एक दृश्य आता ओळखीचे झाले आहे. काल-परवापर्यंत ज्या शिवारात सोयाबीन आणि हळद उभी होती, तेथे चुन्याच्या पांढऱ्या रेघा दिसतात, सिमेंटचे बुटके खांब दिसतात आणि रस्त्याच्या कडेला कुठल्याशा ‘नगरी’चा फलक झळकत असतो. एकराच्या भाषेत बोलणारे गाव गुंठ्याच्या भाषेत बोलू लागते आणि पुढे चौरस फुटाच्या. एकराच्या भावाने घेतलेली जमीन चौरस फुटाच्या भावाने विकली जाते, तेव्हा मधल्या मध्ये जो पैसा निर्माण होतो तो कोणाच्या घामाचा? मूळ शेतकऱ्याच्या घामाचा म्हणावा, तर तो बिचारा भाव चढण्यापूर्वीच मुलीच्या लग्नासाठी किंवा सोसायटीच्या थकबाकीसाठी जमीन विकून मोकळा झालेला असतो. प्लॉट पाडणाऱ्याच्या घामाचा म्हणावा, तर त्याने चुना, दोरी आणि फलक याखेरीज फारसे काही खर्चलेले नसते.

तो पैसा येतो सार्वजनिक खर्चाने बांधलेल्या रस्त्यातून, नळयोजनेतून, कचेऱ्या आणि महाविद्यालये यांच्या आगमनातून. १ मे १९९९ रोजी हिंगोली परभणीपासून वेगळा जिल्हा झाला. जिल्ह्याचे ठाणे आले, त्याबरोबर कचेऱ्या आल्या, नोकरदार आले, आणि सभोवतालच्या जमिनीचे मोल पालटले. जिल्हा झाला तो लोकांच्या पैशाने. वाढलेले मोल मात्र ज्यांच्या हाती मोक्याची जमीन होती त्यांच्या पदरात पडले. अर्थशास्त्र या मिळकतीला अनर्जित वाढ म्हणते. जॉन स्टुअर्ट मिल हा काही वर्गयुद्धाचा पुरस्कर्ता नव्हता. तरीही १८७० च्या सुमारास इंग्लंडात जमीनधारणेच्या सुधारणेसाठी संघटना उभी करून त्याने असे मांडले की, मालकाच्या कष्टावाचून जमिनीची जी किंमत वाढते, तिच्यावर कर बसवून ती समाजाकडे वळवली पाहिजे. दीडशे वर्षांनंतरही हा साधा विचार राज्यकर्त्यांच्या पचनी पडलेला नाही, आणि न पडण्याचे कारण अज्ञान नव्हे, हितसंबंध हे आहे.

गव्हाचा भाव सरकारी सहीने एका रात्रीत दसपट होत नाही, जमिनीचा होतो. शेतजमीन अकृषिक ठरवली, शहराच्या विकास योजनेतील बगीच्याचे आरक्षण उठवले, भोगवटादार वर्ग दोनची जमीन वर्ग एकमध्ये नेली, नव्या रस्त्याची आखणी अर्धा मैल इकडे किंवा तिकडे सरकवली की मातीचे सोने होते. सही न करण्यालाही येथे किंमत आहे. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे आरक्षित जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देतो आणि पुढील मुदत टळल्यास आरक्षण संपते. शाळेची जागा अशा रीतीने नुसत्या मौनाने हातची जाते. ज्या सहीने, किंवा ज्या मौनाने, कोट्यवधी रुपये जन्माला येतात तिच्या भोवती गर्दी होणारच. म्हणून जमिनीच्या व्यवहारातील लाच ही वाट चुकलेल्या एखाद्या माणसाचे पाप म्हणून समजावून घेता येत नाही. तो अनर्जित धनाच्या वाटणीतील हिस्सा असतो. हे ध्यानी घेतले नाही, तर भ्रष्टाचारविरोध म्हणजे एक माणूस जाऊन दुसरा येणे एवढाच खेळ उरतो.

महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासाने हा धडा अनेकदा दिला आहे. जून १९८० मध्ये बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री झाले. त्या काळी सिमेंटवर नियंत्रण होते. घराची भिंत बांधायची तरी परवाना लागे आणि परवान्यासाठी सामान्य माणूस महिनोन्‌महिने हेलपाटे घाली. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांनी इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान आणि त्यासारख्या न्यासांचा व्यवहार उजेडात आणला. न्यायालयातही दाद मागण्यात आली आणि त्यात मुंबईतील समाजवादी परंपरेतील कार्यकर्ते पुढे होते. १२ जानेवारी १९८२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी निकाल दिला. बिल्डरांनी न्यासांना दिलेल्या देणग्या आणि त्यांना मिळालेले सिमेंट यांचा संबंध त्यांनी मान्य केला, आणि त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले.

पुढची कथा तितकी उत्साहवर्धक नाही. फौजदारी प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढत-उतरत राहिले. खटल्याला मंजुरी लागते की नाही आणि तो कोणत्या न्यायालयात चालावा, याच प्रश्नांवर १९८४ आणि १९८८ चे दोन गाजलेले निर्णय झाले. दरम्यान राजकारण पुढे गेले होते. अंतुले १९९५ मध्ये आणि पुन्हा २००६ मध्ये केंद्रात मंत्री झाले. फेब्रुवारी १९८२ मध्ये केंद्र सरकारने सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठवले, आणि त्यावरून पुष्कळांनी निष्कर्ष काढला की नियंत्रण हाच भ्रष्टाचाराचा उगम. नियंत्रण गेले की भ्रष्टाचार जाईल.

हा निष्कर्ष किती फसवा होता ते नागरी जमिनीच्या कायद्याने दाखवून दिले. १९७६ साली नागरी जमीन (कमाल मर्यादा व विनियमन) अधिनियम आला. मुंबईसारख्या महानगरात एका धारकाकडे ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक मोकळी जमीन राहू नये, जादा जमीन सरकारने घ्यावी आणि गरिबांच्या घरांसाठी वापरावी, असा त्याचा उद्देश होता. त्याच कायद्याच्या कलम २० मध्ये मात्र सूट देण्याचा अधिकार सरकारकडे राखून ठेवला होता. एका हाताने कमाल मर्यादा आणि दुसऱ्या हाताने सूट! कायद्याचा उद्देश पहिल्या हातात राहिला आणि बाजार दुसऱ्या हातात भरला. तरीही या कायद्याचे सोने करून दाखवणारी माणसे होती. मृणाल गोरे, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या मार्फत गोरेगावच्या दिंडोशीत अशाच जादा जमिनीसाठी दीर्घ लढा दिला, आणि तेथे सामान्य माणसांची सहा हजारांवर घरे उभी राहिली. राज्यात ज्या ज्या शहरांना हा कायदा लागू होता, तेथे असे एकेक दिंडोशी उभे राहणे अशक्य नव्हते. पण केंद्राने १९९९ मध्ये कायदा रद्द केला आणि महाराष्ट्राने नोव्हेंबर २००७ मध्ये तो निरसनाचा मार्ग स्वीकारला. घरे मुबलक होतील, भाव उतरतील, अशी ग्वाही तेव्हा दिली गेली. मुंबईत भाव उतरल्याचे कोणाला आठवत असल्यास त्याने हात वर करावा.

नियंत्रण गेले आणि तीन वर्षांच्या आत ‘आदर्श’ उघडकीस आले. कुलाब्याच्या समुद्राजवळ, लष्कराच्या ताब्यात राहिलेल्या मोक्याच्या जागेवर एकतीस मजल्यांची गृहनिर्माण संस्था उभी राहिली. तीत सैनिकांची नावे पुढे करण्यात आली आणि सदनिका मात्र राजकारणी, अधिकारी व त्यांचे नातलग यांच्याही वाट्याला गेल्या. माहितीचा अधिकार वापरणाऱ्या जनआंदोलनांच्या कार्यकर्त्यांनी हे कागद बाहेर काढले. नातलगांची नावे सभासदांत असल्याचे उघड झाल्यावर नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांना पद सोडावे लागले. न्या. जे. ए. पाटील यांच्या चौकशी आयोगाने १०२ सभासदांपैकी २५ अपात्र ठरवले. खटल्यासाठी राज्यपालांनी २०१६ मध्ये दिलेली मंजुरी उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये रद्द केली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये चव्हाण भारतीय जनता पक्षातर्फे राज्यसभेवर गेले. नांदेड हा हिंगोलीचा शेजार. त्यामुळे येथील पुष्कळांच्या मनात त्या वेळी प्रादेशिक सहानुभूती जागी झाली होती. मराठवाड्याचा माणूस म्हणून कोणाला अधिक दोष देणे जसे अन्यायाचे, तसेच मराठवाड्याचा माणूस म्हणून प्रश्नच न विचारणे हेही अन्यायाचे. सैनिकाच्या नावाने मागितलेल्या सदनिकेला प्रदेश नसतो.

ही सारी मुंबईची पापे आहेत, जिल्ह्याच्या गावाला त्यांचे काय, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. जळगाव हे काही महानगर नव्हे. तेथील नगरपालिकेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस झोपडपट्टीवासीयांसाठी हजारो घरकुलांची योजना आखली. कर्ज काढले, ठेकेदाराला आगाऊ रकमा दिल्या. पण ज्या जागांवर घरे बांधायची त्यांच्या मालकीची आणि परवानगीची पूर्तताच नव्हती. घरे थोडी झाली, बाकी जागेवर सांगाडे उरले. २००६ मध्ये तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. ऑगस्ट २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षांची शिक्षा आणि शंभर कोटी रुपयांचा दंड सुनावण्यात आला. त्याविरुद्ध अपिले उच्च न्यायालयात गेली. दोषी ठरलेल्यांच्या यादीत नगरसेवकांची मोठी संख्या होती, ही बाब येथील प्रत्येक नगरपालिका सदस्याने कागदावर लिहून खिशात ठेवावी. सभेत ठरावाच्या बाजूने वर झालेला हात हीही सहीच असते. ‘सर्वांनी केला म्हणून केला’ हा बचाव न्यायालयात टिकत नाही.

हा रोग केवळ भारतीय मातीचा आहे असेही नाही. जपानमध्ये काकुएई तनाका हे बांधकाम व्यवसायातून वर आलेले पुढारी १९७२ मध्ये पंतप्रधान झाले. साऱ्या देशाची पुनर्रचना करण्याची भव्य योजना त्यांनी मांडली, आणि कोणत्या भागात प्रकल्प येणार याचा सुगावा लागलेल्या भांडवलाने जमिनी विकत घेण्याचा सपाटा लावला. त्यांच्याशी संबंधित कंपन्यांनी नदीपात्रातील जमीन स्वस्तात घेतली आणि सरकारी कामांनी तिचे मोल वाढले, हे १९७४ मध्ये एका मासिकाने पुराव्यांसह छापले. त्याच वर्षी तनाका पायउतार झाले. प्रगत देश असो वा मागास, रस्ता कोठून जाणार हे ज्याला आधी कळते तो श्रीमंत होतो आणि ज्याच्या शेतातून रस्ता जातो त्याला सर्वांत शेवटी कळते.

या पार्श्वभूमीवर नागपूर ते गोवा शक्तिपीठ महामार्गाचा विचार केला पाहिजे. सुमारे ८०२ किलोमीटरचा हा रस्ता बारा जिल्ह्यांतून नेण्याचे योजले गेले आणि हिंगोली त्यांपैकी एक. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यासाठी २०,७८७ कोटी रुपयांच्या तरतुदीला मान्यता दिली. औंढा नागनाथाच्या दर्शनाला भाविकाने लवकर पोहोचावे याला कोणाचाच विरोध नाही. विरोध आहे तो शेतकऱ्याला न विचारता त्याच्या बागायतीवर दगड रोवण्याला. येथे कोणा व्यक्तीवर आरोप करण्याचा हेतू नाही. पण प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकाला आहे, आणि प्रश्न सोपा आहे: आखणी जाहीर होण्यापूर्वीच्या दोन-तीन वर्षांत तिच्या आसपासच्या गावांत कोणत्या जमिनींची खरेदीखते झाली आणि ती कोणाच्या नावे? याचे उत्तर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात पडून असते. ते मागण्यासाठी क्रांतीची वाट पाहावी लागत नाही.

या जिल्ह्यात दुसरी एक कसोटी आहे, आणि ती अधिक बोचरी आहे. गुंठेवारीने विकलेले बेकायदा प्लॉट नियमित करण्यासाठी २००१ मध्ये राज्याने कायदा केला. तेव्हा मुदत होती १ जानेवारी २००१. पुढे २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे सरकली. ज्या गरिबाने आयुष्याची पुंजी घालून असा प्लॉट घेतला त्याला दिलासा मिळाला, हे योग्यच झाले. परंतु याच मराठवाड्यात भूमिहीन दलितांनी पोटासाठी गायरान कसले. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून या प्रश्नाचा इतिहास आहे. त्यांच्यासाठी १९९१ च्या शासन निर्णयाने ठरवलेली तारीख होती १४ एप्रिल १९९०. त्यानंतर ज्याने नांगर धरला तो अतिक्रमणदार ठरला, आणि २०२२ मध्ये गायरानावरील अतिक्रमणे काढण्याचा विषय उच्च न्यायालयापुढे आला तेव्हा हजारो उंबरठ्यांवर नोटिशीची धास्ती उभी राहिली. गायरान सार्वजनिक मालमत्ता आहे आणि गुंठेवारी बहुतांशी खाजगी जमिनीवर आहे, हा कायद्यातील फरक खरा आहे. पण प्लॉट विकणाऱ्याच्या धंद्यासाठी वीस वर्षे पुढे सरकणारी तारीख भूमिहीनाच्या भाकरीसाठी जागची हलत नाही, हेही तितकेच खरे आहे. तारखा आपोआप सरकत नाहीत. ज्यांच्या मागे पैसा उभा असतो त्यांच्या तारखा सरकतात.

कळमनुरी आणि औंढा भागातील आदिवासींच्या जमिनीचीही तीच गत होऊ शकते. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ ने आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यास पूर्वमंजुरीची अट घातली आहे. अट आहे म्हणजे पुन्हा सही आहे, आणि सही आहे तेथे तिची किंमत लावणारा दलालही आहे. मंजुरीचा प्रत्येक प्रस्ताव ग्रामसभेत उघडपणे वाचला गेला, तर दलालाचे निम्मे काम संपते.

ही संपत्ती अखेर जाते कोठे? तिचा मोठा वाटा निवडणुकीत उतरतो. १९८१ मध्ये देणगीदाराचे नाव न्यासाच्या पावतीवर तरी होते. त्यामुळेच न्यायालयाला धागा सापडला. २०१८ मध्ये निवडणूक रोखे आले आणि देणगीदाराचे नाव झाकण्याची सोयच कायद्याने करून दिली. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ती योजना घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या याद्यांत रस्ते, धरणे आणि बांधकामे यांचे ठेके घेणाऱ्या कंपन्यांची नावे ठळकपणे दिसली. ज्याने पेरले तो कापणीला येणारच.

पण दुसऱ्याच्या याद्या वाचताना स्वतःच्या घराकडे पाठ फिरवून चालणार नाही. तालुक्याच्या गावी सभेचा मांडव कोणाच्या खर्चाने पडतो? प्रचाराची गाडी कोणाची असते, डिझेल कोण भरते, कार्यकर्त्यांच्या जेवणावळी कोणाच्या मंगल कार्यालयात होतात? अनेक ठिकाणी उत्तर एकच असते: प्लॉटचा धंदा करणाऱ्या ‘हितचिंतका’च्या. त्याच्या गाडीतून ज्याने प्रचार केला, तो उद्या त्याच्या बेकायदा लेआउटला विरोध कोणत्या तोंडाने करणार? नगरपालिकेत एखादी जागा मिळावी म्हणून असा हितचिंतक जवळ केला गेला, की पक्षाचा जाहीरनामा भिंतीवर राहतो आणि आरक्षण उठवण्याचा ठराव एकमताने मंजूर होतो. साध्या वर्गणीवर, पावती फाडून, कमी गाड्यांत आणि अधिक पायी केलेली निवडणूक कदाचित हरली जाईल. पण मिंधेपणाने जिंकलेली जागा ही त्या हितचिंतकाची जागा असते. पक्षाचा माणूस तेथे फक्त बसवलेला असतो.

कार्यकर्त्याने करायचे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच ते कोणी करत नाही. सातबारा आणि फेरफार वाचायला शिकणे हे त्यातले पहिले. फेरफाराच्या नोटिशीवर हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. त्या पंधरा दिवसांत चावडीवर नजर ठेवणारा एक जागरूक तरुण गावोगाव हवा. विकास योजनेतील आरक्षणांची यादी आणि त्यांच्या मुदती नगरपालिकेकडून मिळवून चौकात लावता येतात. नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खालील ‘किरकोळ फेरबदल’ पुष्कळदा मुळीच किरकोळ नसतात. त्यांवर मुदतीत लेखी हरकत घेता येते. पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि आठांहून अधिक प्लॉटांच्या प्रकल्पाची नोंदणी २०१७ पासून महारेराकडे व्हावी लागते. ती नसेल, तर घेणाऱ्या गरिबाला बयाणा देण्यापूर्वीच सावध करता येते. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कलम ४ प्रमाणे पुष्कळशी माहिती न मागताही जाहीर करणे कचेरीवर बंधनकारक आहे.

हे काम कंटाळवाणे असले तरी निर्धोक नाही. तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांनी जमिनींचे असेच कागद बाहेर काढले होते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असता त्यांचा खून झाला. म्हणून कागद मागणारा माणूस एकटा असता कामा नये. अर्जावर एकाऐवजी पन्नास सह्या असल्या, तर कोणा एकाला गाठून भागत नाही. माहितीचा अर्ज हे व्यक्तीचे धाडस न राहता संघटनेचे नित्याचे काम झाले पाहिजे.

आणि या साऱ्याच्या मागे एक मागणी सतत राहिली पाहिजे: सार्वजनिक निर्णयाने वाढलेल्या जमिनीच्या किमतीचा मोठा हिस्सा सार्वजनिक तिजोरीत आला पाहिजे आणि त्यातून भूमिहीनांना घर व जमीन मिळाली पाहिजे. वाढीव मोल समाजाकडे आले की सहीची किंमत आपोआप उतरते. विकत घेण्यासारखे त्या सहीत फारसे काही उरत नाही. केवळ प्रामाणिक माणसे निवडून द्या, एवढे म्हणून भागत नाही. प्रामाणिक माणसालाही दर सकाळी कोटी रुपयांच्या सहीपुढे बसवले, तर किती दिवस त्याची परीक्षा पाहायची?

शहराबाहेरच्या त्या शिवारात चुन्याच्या रेघा पुढील वर्षीही मारल्या जातील. त्या रेघांच्या आत शाळेला जागा सोडली आहे का, जमीन विकलेल्या शेतकऱ्याला काय मिळाले, परवानगी कोणी आणि कशाच्या बदल्यात दिली, हे विचारणारे चार लोक तेथे उभे असतील की नाही, एवढेच या जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या हाती आहे. तेवढे पुष्कळ आहे.